मोजून द्या

पलूसच्या माझ्या वहिनी गेल्या पावसाळ्यात गुडघ्याचं इंजेक्शन घेऊन परस्पर आमच्याकडे मिरजेला आल्या. वय ६१. चाळीस वर्षं भांगलण, हळदीची काढणी आणि दारात कायम दोन म्हशी. आता मांडी घालून बसता येत नाही, पंगतीत खुर्ची मागावी लागते, आणि ते मागणं गुडघ्यापेक्षा जास्त दुखतं. चहा घेता घेता म्हणाल्या, "भावजी, माझंच रक्त काढलं, मशिनीत फिरवलं आन् परत गुडघ्यात सोडलं. आता वाटीवर नवी गादी येणार म्हणाले."

मी बिल मागितलं. त्यावर एकच ओळ होती: पीआरपी, १ नग, १२,००० रुपये. अशी आणखी दोन घ्यायची होती.

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ होतो. उभी नोकरी सेंट्रिफ्यूजच्या, म्हणजे रक्त गरगर फिरवून त्याचे घटक वेगळे करणाऱ्या मशीनच्या, घरघरीत गेली. त्यामुळे मला पहिला प्रश्न पडला तो डॉक्टरांबद्दल नव्हता, रक्ताबद्दल होता. "किती काढलं?" वहिनींनी करंगळी वर केली. "असल्या दोन नळ्या."

म्हणजे धरून चालू २० मिली. मी बिलाच्या पाठीवरच हिशेब मांडला. तो पुढे सांगतो, पण आधी या इंजेक्शनात असतं काय ते पाहू. सांगली, मिरज, कराड, सातारा, कुठेही गुडघेदुखीचा विषय निघाला की हल्ली चौथ्या वाक्यात पीआरपी येतं. औषध काय आहे ते मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

प्लेटलेट म्हणजे रक्तातली सगळ्यात बारकी मंडळी. जखम झाली की या पहिल्या धावतात, एकमेकींना चिकटून बूच बसवतात आणि पोटातल्या पुड्या फोडतात. त्या पुड्यांत पेशींना वाढीची चालना देणारी प्रथिनं असतात. रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की लाल पेशी तळाला बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो आणि दोघांच्या मध्ये एक पातळ, पांढुरकी साय धरते. प्लेटलेट या सायीच्या आसपास असतात. आधी हलकं फिरवायचं, वरचा भाग काढून घ्यायचा, मग तो जोरात फिरवायचा, आणि खाली उरेल ते थोड्या प्लाझ्मात मिसळायचं. प्लेटलेटनी दाट झालेला हा प्लाझ्मा म्हणजेच पीआरपी, प्लेटलेट-रिच प्लाझ्मा. रक्तपेढ्यांना तो जुना आहे. १९९८ साली अमेरिकेत जबड्याच्या हाडावरच्या शस्त्रक्रियांत त्याचा उपयोग झाल्याचं प्रसिद्ध झालं आणि तिथून तो खेळाडूंच्या स्नायूंत, गुडघ्यांत, टकलांवर आणि चेहऱ्यांवर पोचला.

ऐकायला सोपं वाटतं. करायला घेतलं की हात लागतो. पहिला फेरा जरा जोराचा झाला तर प्लेटलेट लाल पेशींबरोबर तळाला जातात आणि वर राहतो नुसता पिवळा प्लाझ्मा. दिसायला तोही तसाच! सिरिंजमध्ये भरून उजेडात धरला तर मला तीस वर्षांनंतरही नुसत्या डोळ्यांनी खात्रीने सांगता येणार नाही की यात माल आहे की पाणी. ते मोजल्याशिवाय कळत नाही.

आता हिशेब. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. वहिनींचे अडीच लाख धरू. म्हणजे एका मिलीत २५ कोटी आणि २० मिलीत ५०० कोटी. सगळ्या काही हाती लागत नाहीत. चांगल्या हाताचा माणूस साठ-सत्तर टक्के काढेल. म्हणजे गुडघ्यात गेल्या, फार तर, ३०० ते ३५० कोटी.

हे थोडे की पुष्कळ? २०२१ साली भारतातल्या एका गटाने १५० रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गुडघ्यात ८ मिलीमधून १००० कोटी प्लेटलेट सोडल्या होत्या, आणि वंगणाच्या इंजेक्शनाशी तुलना करता फायदा वर्षभर टिकल्याचं त्यांनी नोंदवलं. हा डोस गाठायचा तर ६० मिलीच्या आसपास रक्त काढावं लागेल. २० मिलीत ५०० कोटीच असतील तर जगातल्या कुठल्याही मशीनला त्यातून १००० कोटी काढता येणार नाहीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियातल्या सिडनी आणि मेलबर्नचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ५० वर्षांवरचे २८८ रुग्ण, गुडघ्याची झीज सौम्य ते मध्यम. निम्म्यांना आठवड्याला एक अशी तीन पीआरपी इंजेक्शनं, निम्म्यांना तितकीच मिठाच्या पाण्याची. कोणाला काय दिलं ते रुग्णालाही ठाऊक नव्हतं. वर्षभराने दहाच्या मापावर पीआरपीवाल्यांचं दुखणं सरासरी २.१ने उतरलं होतं आणि मिठाच्या पाण्यावाल्यांचं १.८ने. हा फरक मोजण्याच्या चुकीत मावेल इतका लहान आहे. कूर्चेचं, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरच्या गादीचं, मापही एमआरआयवर घेतलं होतं. ती पीआरपीवाल्यांत १.४ टक्के घटली, मिठाच्या पाण्यावाल्यांत १.२ टक्के. नवी गादी येणं लांबच, जुनी झिजायचीही थांबली नाही.

यावर पीआरपीचे समर्थक म्हणाले की या अभ्यासातला प्लाझ्मा फार पातळ होता, मायक्रोलिटरला सव्वातीन लाखांच्या आसपास. हा तर तुमच्याआमच्या साध्या रक्ताचा आकडा झाला. ५ मिलीत साधारण १६० कोटी. त्यांचं म्हणणं मला पटण्यासारखं वाटतं. पण मग त्यांच्यावरच प्रश्न उलटतो: आमच्या गल्लीत मिळतं ते याहून दाट आहे, हे कशावरून?

आता माझ्याच हिशेबाला अडचणीत आणणारी गोष्ट. चंदीगडच्या पीजीआय या सरकारी वैद्यकीय संस्थेतल्या डॉक्टरांचा २०१३ सालचा अभ्यास आहे. ७८ रुग्ण, दोन्ही गुडघे दुखणारे. काहींना पीआरपीचं एक इंजेक्शन, काहींना दोन, काहींना मिठाचं पाणी. सहा महिन्यांनी पीआरपीवाल्यांची तब्येत मिठाच्या पाण्यावाल्यांपेक्षा स्पष्ट चांगली होती. एक घेणारे आणि दोन घेणारे यांच्यात मात्र फरक नव्हता. (तीन-तीनचं पॅकेज विकणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) आणि तिथला डोस होता सुमारे २३८ कोटी, म्हणजे १०००च्या पाव भागाहूनही कमी. तरी गुण आला.

म्हणजे प्लेटलेटचा आकडा हेच सगळं नाही. पांढऱ्या पेशी ठेवल्या की गाळल्या, झीज किती होती, रुग्ण कसे निवडले, हेही त्यात येतं. पण एक गोष्ट पाहा. चंदीगडवाल्यांनी मोजलं होतं, ऑस्ट्रेलियावाल्यांनीही मोजलं होतं. म्हणूनच मिरजेत बसून माझ्यासारखा निवृत्त माणूस त्यांच्यावर वाद घालू शकतो. वहिनींच्या गुडघ्यात काय गेलं यावर वादसुद्धा घालता येत नाही. तिथे नुसतं '१ नग' आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते पीआरपीच्या बाजूचंही नाही, विरोधाचंही नाही. जी गोष्ट मोजता येते, जिच्या मोजण्यावर तिचा गुण अवलंबून असू शकतो, ती न मोजता विकायला मनाई हवी. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्याच्या झिजेसाठी पीआरपी देऊ नये असं ठामपणे म्हटलं, ते याच कारणाने: प्रत्येकाचं मिश्रण वेगळं, कोणाचं काय ते ठरलेलं नाही. तिथल्याच अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०२१मध्ये त्याने दुखणं कमी होऊ शकतं असं म्हटलं, पण पुराव्याला दर्जा दिला मर्यादित. तज्ज्ञांच्या दोन संघटना दोन तोंडांनी बोलतात, आणि आपल्याकडे चौकाचौकातल्या फलकांवर मात्र कसलीच शंका नाही.

याच फलकांवर पीआरपीच्या जोडीला येणारा शब्द 'कूर्चा पुनर्निर्मिती'. हा मला जास्त खटकतो, कारण इथे मोजमापाचा नाही, सरळ खऱ्या-खोट्याचा प्रश्न आहे. सांध्यातल्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतू नसतात. तिच्या पेशी थोड्या, आपापल्या खोबणीत एकेकट्या बसलेल्या. हाड मोडलं तर रक्त तिथे धावतं आणि हाड जुळतं. कूर्चेपर्यंत ते पोचतच नाही. झिजलेली कूर्चा परत भरून येत नाही हे विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ साली लंडनमध्ये लिहून ठेवलं आणि पावणेतीनशे वर्षांत निसर्गाने आपलं म्हणणं बदललेलं नाही. काचेच्या बशीत ठेवलेल्या पेशींवर प्लेटलेटमधली प्रथिनं टाकली की पेशी जोमाने वाढतात हे खरं आहे. पण बशीतली पेशी आणि चाळीस वर्षं उकिडवं बसून खुरपं चालवलेला गुडघा यांत अंतर आहे. पीआरपीने काहींचं दुखणं उतरतं ते बहुधा सांध्याच्या अस्तराची सूज कमी होऊन. तसं सांगा की! दुखणं कमी होणं ही काय लहान गोष्ट आहे?

जाता जाता 'गॅप'बद्दल. आपल्याकडे म्हणतात, "गुडघ्यात गॅप पडलाय." खरं तर उलटं आहे. एक्स-रेवर कूर्चा दिसत नाही, दिसते ती दोन हाडांमधली मोकळी जागा, आणि कूर्चा झिजली की ती जागा कमी होते. गॅप पडत नाही, बुजतो. आणखी एक: उभं राहून काढलेल्या एक्स-रेत शरीराचं वजन पडून ही जागा अरुंद दिसते, आडवं झोपून काढलेल्यात ती रुंद दिसते. तेव्हा इंजेक्शनाआधीचा आणि नंतरचा एक्स-रे शेजारी ठेवून कोणी "बघा, गादी वाढली" म्हणालं तर दोन्ही कसे काढले ते आधी विचारा.

"पण लोकांना बरं वाटतं ना? मग तुमचं काय जातं?" हा आक्षेप माझ्या घरातूनच आला. बरं वाटतं, हे मी नाकारत नाही. मिठाच्या पाण्यानेही वाटलं, तेही १.८ने. अमेरिकेत ह्यूस्टनच्या डॉक्टरांचा २००२ सालचा एक अभ्यास आहे. १८० रुग्णांपैकी काहींच्या गुडघ्यांवर दुर्बिणीची खरी शस्त्रक्रिया केली आणि काहींच्या कातडीवर नुसत्या चिरा देऊन टाके घातले. दोन वर्षं पाठपुरावा केला, तर दोघांना सारखंच बरं वाटत होतं. गुडघेदुखी अशीच आहे. ती भरती-ओहोटीसारखी येते-जाते, माणूस डॉक्टरकडे जातो तो भरतीच्या वेळी, आणि पुढची ओहोटी ज्याने शेवटचं इंजेक्शन दिलं त्याच्या खात्यावर जमा होते. यात डॉक्टर खोटं बोलतो असंही नाही. समोर रोज हसणारे रुग्ण येतात, त्याला खरंच वाटतं की माझ्या हाताला गुण आहे. ज्यांना गुण येत नाही ते दुसऱ्या दवाखान्यात जातात, आणि ते त्याला दिसत नाहीत.

दुसरा आक्षेप असा की रक्त आपलंच, अपाय काय होणार? अपाय क्वचित होतो, मान्य. पण सांध्यात सुई घालताना जंतू गेले तर सांधा पिकतो, आणि पिकलेला सांधा म्हणजे थट्टा नव्हे. दुसरं, 'आपलंच रक्त' हे गृहीत आहे. चार रुग्णांच्या नळ्या एकाच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरत असतील आणि नळीवर नाव नसेल तर? अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरात परवाना नसलेल्या एका सौंदर्यकेंद्रात चेहऱ्यावर पीआरपी घेतलेल्या किमान तीन स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाली. प्रकरण २०१८मध्ये उघडकीला आलं आणि तिथे नावाचिठ्ठ्या नसलेल्या रक्ताच्या नळ्या सापडल्या. चेहरा वेगळा, गुडघा वेगळा, पण नळी तीच.

रक्तपेढीत आम्ही काय करायचो ते सांगतो. प्रत्येक पिशवीच्या पाच चाचण्या: एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग, मलेरिया. प्लेटलेटची पिशवी २२ अंशांच्या आसपास, सतत हलत्या पाळण्यावर, आयुष्य पाच दिवस. पिशवीवर नंबर, गट, तारीख, मुदत. किती प्लेटलेट असायलाच हव्यात याचा किमान आकडा नियमाने ठरलेला, आणि ठरावीक पिशव्या काढून मोजून तो तपासायचा. एखादं लेबल तिरकं लागलं तर निरीक्षक आम्हाला उभं करून विचारायचा. आणि तोच पदार्थ रस्त्याच्या पलीकडच्या दवाखान्यात थेट माणसाच्या सांध्यात जातो, तेव्हा त्याला ना लेबल, ना आकडा. रुग्णाचं रक्त रुग्णालाच तिथल्या तिथे परत दिलं म्हणून रक्तपेढीचे सगळे नियम लावा असं मी म्हणत नाही. पण सगळेच सोडून द्या असंही कोणी म्हणू नये.

आपल्या भागाला हे समजावून सांगायची खरं तर गरज पडू नये. ऊस घाला, काट्यावर तोलला जातो, आणि काटा मारला अशी नुसती कुजबुज झाली तरी आंदोलन होतं. दर ठरतो तो उताऱ्यावर, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते त्यावर. १०.२५ टक्के उताऱ्याला मूळ दर आणि त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला जादा पैसे. पॉइंट एकसाठी आपण रस्ते अडवलेत. गावच्या डेअरीत पहाटे किटली घेऊन गेलेली बाई फॅट किती लागली ते पाहिल्याशिवाय पावती घेत नाही. माझ्या वहिनी त्यातल्याच. फॅट जरा कमी लागली तर डेअरीवाल्याशी भांडतील. आणि गंमत म्हणजे आम्ही तंत्रज्ञसुद्धा सेंट्रिफ्यूजमधून हाती आलेल्या प्लेटलेटच्या टक्केवारीला 'रिकव्हरी'च म्हणायचो, कारखान्यावर उताऱ्याला म्हणतात तसंच. म्हशीच्या दुधाची फॅट विचारणारी बाई स्वतःच्या रक्ताची रिकव्हरी विचारत नाही, कारण पांढऱ्या कोटासमोर विचारायचं असतं हेच तिला कोणी सांगितलेलं नाही.

सरकारला या गोष्टी जमत नाहीत असंही नाही. ऑगस्ट २०१७मध्ये केंद्राने गुडघेरोपणाच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा सर्वाधिक वापरला जाणारा सांधा सरासरी दीड लाखाच्या वरून ५४,७२० रुपयांवर आला. महाराष्ट्रात २०२१च्या सुधारित नियमांनी खाजगी रुग्णालयांना दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावायला सांगितली. त्याच चौकटीत आणखी थोडं बसवता येईल. पीआरपीच्या प्रत्येक बिलावर रक्त किती काढलं, सांध्यात किती मिली सोडलं, त्यात प्लेटलेट किती होत्या आणि पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या हे लिहिणं सक्तीचं करावं. संमतीपत्र मराठीत असावं आणि त्यात ठळक ओळ असावी की याने कूर्चा नव्याने वाढते असं सिद्ध झालेलं नाही, दुखणं काही महिने कमी होऊ शकतं. फलकावर 'पुनर्निर्मिती' लिहिणाऱ्याकडे पुरावा मागावा. आणि जमलंच तर सहा महिन्यांनी रुग्णाला एक फोन करून उत्तर वहीत टिपावं. मिरजेसारख्या गावात वर्षभरात अशा चार-पाचशे नोंदी झाल्या तर तोच एक बरा अभ्यास होईल.

खर्च वाढेल, लहान डॉक्टरला परवडणार नाही, हे कारण पुढे येईल. मला ते मान्य नाही. प्लेटलेट मोजायला वेगळं काही लागत नाही. रक्ताची साधी तपासणी करतात ते यंत्र पुरतं, नमुना फार दाट असेल तर पातळ करून मोजायचा. ही तपासणी गावात दोन-तीनशे रुपयांत होते. बारा हजारांत तीनशे. ज्यांचा हात खरोखर चांगला आहे त्यांनी तर ही मागणी स्वतःहून करायला हवी, कारण न मोजणाऱ्यांच्या गर्दीत आज त्यांचं आणि इतरांचं इंजेक्शन एकाच भावात जातं. १८९४ साली मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी इथे रुग्णालय काढलं तेव्हापासून मिरजेला लोक सीमेपलीकडून गाड्या भरून येतात, ते इथला फलक वाचून नव्हे.

वहिनींना मी दुसरं इंजेक्शन घेऊ नका असं सांगितलं नाही. तो माझा अधिकार नाही, आणि गुण येणारच नाही असं छातीठोकपणे म्हणण्याइतका पुरावाही नाही. ओळखीच्या फिजिओथेरपिस्टकडे मात्र नेऊन आणलं. एक किलो वजन उतरलं की पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो, हे तिथे ऐकल्यावर वहिनी पहिल्यांदा हसल्या. "मग मी सहा किलो उतरवते, चोवीस होतील." फिजिओने मांडीचे स्नायू बळकट करायचे चार व्यायाम दिले. त्यांना पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुधा त्यांचे फलक नाहीत.

बिलाच्या पाठीवर मी तीन प्रश्न लिहून दिले होते: रक्त किती, प्लेटलेट किती, पांढऱ्या पेशी ठेवता की काढता? पुढच्या तारखेला त्या तो कागद घेऊन गेल्या. संध्याकाळी फोन आला. काउंटरवरच्या मुलाने कागद आत नेला आणि पाच मिनिटांनी तसाच परत आणला. "मावशी, हे असलं इथं कोणी विचारत नाही," म्हणाला. वहिनींनी त्याला विचारलं, "तुमच्या घरचं दूध कुठल्या डेअरीला जातं रे?" त्याला काही कळलं नाही. त्या इंजेक्शन न घेता पाचच्या गाडीने पलूसला गेल्या. आता टीव्हीसमोर बसून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबण्याचा व्यायाम रोज करतात. दुखतं अजून. दुसऱ्या इंजेक्शनाचं त्यांनी ठरवलेलं नाही, कागद मात्र जपून ठेवलाय, दुधाच्या पावत्यांच्या पुडक्यात.